उन्हाकडे तोंड केलेलं प्रेत

शेन्सी आपली शेवटची कोंबडी गाडीला बांधत होती, तेवढ्यात नूझा धावत आली. नूझा धावली म्हणजे काहीतरी भयंकर घडलं असणार. गेल्या कित्येक वर्षांत तिला कुणी भराभर चालतानाही पाहिलं नव्हतं. ती रस्त्याने निघाली की तिच्या सावलीत कुत्री झोप काढून उठत, आणि ती अजून कोपऱ्यापर्यंतही पोचलेली नसे.

"शेन्सी, त्यांनी ह्यांना धरून नेलं गं!"

"ह्यांना म्हणजे कुणाला?" गाडीवर बसलेल्या मूसाने विचारलं.

"भावजी, तिला नवरा एकच आहे," शेन्सी म्हणाली. "बोल नूझा. फकीसाहेबांना कुणी नेलं?"

"कोतवालानं. तो गिरणीवाला बेर्नाल मरून पडलाय. म्हणतात ह्यांनीच मारला!"

मूसा हा शेन्सीच्या मेलेल्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. खेचरं हाकायचा. त्याच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरायला फार वेळ लागे, पण एकदा शिरली की बाहेर निघायचं नाव घेत नसे. शेन्सीचं सगळं त्याच्या उलट. हरवलेल्या शेळीपासून पळालेल्या नवऱ्यापर्यंत काहीही शोधून देणारी बाई म्हणून एब्रो नदीच्या दोन्ही काठांना तिचं नाव होतं. एका पाद्रीबुवाची हरवलेली अंगठी कुठे आहे ते तिने नुसतं त्याला जेवताना बघून सांगितलं होतं म्हणे, आणि ती दुसऱ्या सकाळी खरोखरच बाहेर आली.

पण त्या दिवशी तुदेला गावात कुणाला हसू येत नव्हतं. राजाचा हुकूम होता: आज संध्याकाळची घंटा झाल्यावर गावात जो मुसलमान सापडेल, त्याने ख्रिस्ती व्हायचं, नाहीतर गुलाम. मुसलमानांचा सगळा मोहल्ला पहाटेपासून गाड्यांवर चढून बसला होता. शेजारच्या आरागॉन राज्याकडे जाणाऱ्या वेशीपाशी गाडीला गाडी लागली होती. म्हाताऱ्या, पाळणे, चुली, दारांच्या फळ्यासुद्धा लोकांनी उपटून घेतल्या होत्या. वेशीची किल्ली कोतवाल ओर्तीनच्या कमरेला, आणि कोतवालाने सांगितलं होतं, खुनी हातात येईपर्यंत एक चाकही फिरणार नाही.

"हे कबूल करायला निघालेत," नूझा म्हणाली. तिचा श्वास अजून जागेवर नव्हता. "म्हणतात, एका मानेवर सगळा मोहल्ला सुटतो, तर घ्या म्हणावं मान. आणि शेन्सी, कुणी नको म्हणत नाही गं. मी गाडीगाडीपाशी गेले. सगळे खाली बघतात."

शेन्सीनेही क्षणभर खाली बघितलं. मग तिने कोंबडीची गाठ घट्ट केली आणि तोंडातली ज्येष्ठमधाची काडी एका गालातून दुसऱ्या गालात सारली.

"घंटेच्या आधी त्यांना काही कबूल करू देऊ नकोस. भांडण काढ त्यांच्याशी. ते तुला जमतं. चला भावजी."

"कुठे?"

"गिरणीवर. मढं बघायला."

पाणचक्की नदीच्या काठाला होती. दारात गिरणीचा मालक दॉन बेल्त्रान उभा होता. गावाबाहेरची निम्मी बागायत त्याचीच, आणि ती कसणारे सगळे हात आज वेशीपाशी गाड्यांवर बसले होते.

"ये बाई, ये," तो म्हणाला. "तू माझी घोडी शोधून दिली होतीस, म्हणून आत सोडतो. पण काय बघणार आहेस? सकाळी किल्ल्या घ्यायला आलो तर हा असा पडलेला. मुरांचंच काम, तुमच्या मुसलमानांचं. त्यांच्याच पद्धतीनं ठेवलाय. मी लगेच ओरडलो."

आत पिठाचा वास होता. बेर्नाल खिडकीखाली उजव्या कुशीवर निजवलेला होता. डोळे मिटलेले. त्याच्याच सदऱ्याची पट्टी फाडून हनुवटी डोक्याशी बांधलेली. बाहेरच्या खांबाची सावली आखडून अगदी पायाशी आली होती, आणि खिडकीतून आलेलं दुपारचं ऊन सरळ त्याच्या चेहऱ्यावर पडलं होतं, समोरून दिवा धरावा तसं.

शेन्सी उकिडवी बसली.

"भावजी, ह्याच्या मानेवर काय दिसतंय?"

"पीठ."

"कानामागे?"

"पीठ. गिरणीवाल्याच्या कानामागे काय, केशर असणार?"

"आणि चेहऱ्यावर?"

मूसाने वाकून बघितलं. चेहरा स्वच्छ होता. हात कोपरापर्यंत स्वच्छ. पाय घोट्यापर्यंत स्वच्छ. बाकी सगळा माणूस पांढराफटक.

"वजू," मूसा हळूच म्हणाला. "वहिनी, नमाजाआधी करतात तसा ह्याला कुणीतरी वजू करवलाय."

जखम डोक्याच्या मागे होती. वर धान्य ओतायच्या पेटीकडे जाणारा लाकडी जिना जात्याच्या अगदी शेजारी होता, आणि जात्याच्या दगडाची कड एका जागी काळी पडलेली होती. शेन्सीने तिथे बोट फिरवलं, मग कोठाराच्या मागे डोकावली. तिथे एक गाठोडं होतं. घोंगडी, भाकरी, सुके अंजीर, नवा तळ ठोकलेले जोडे, जात्याला टाकी लावायची छिन्नी फडक्यात नीट गुंडाळलेली, आणि पाण्याने तट्ट भरलेली कातडी पिशवी.

दारामागे खुंटीला डुकराची खारवलेली तंगडी टांगलेली होती. आपण पक्के ख्रिस्ती आहोत हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून असते तशी. तिच्यावर एवढं पीठ साचलं होतं की पोळ्या झाल्या असत्या. सुरी तिला कधी लागलेलीच नव्हती.

"भावजी, तुमची दुपारची नमाज राहिली असेल ना? इथेच करून घ्या."

"इथे? मढ्यापाशी?"

"त्याची काही हरकत दिसत नाही."

मूसाने कुरकुरत खिडकीतल्या उन्हाकडे बघितलं, त्याच्याकडे तोंड करून उभा राहिला, मग डाव्या खांद्याकडे वळला आणि शाल तिरकी अंथरली. अंथरताना तिचा कोपरा बेर्नालच्या पायांवर गेला.

"माफ कर रे बाबा," तो प्रेताला म्हणाला.

शेन्सी त्या तिरक्या शालीकडे बघत राहिली. तिने काडी तोंडातून काढली, आणि पुन्हा तोंडात घालायचं विसरली.

बाहेर दॉन बेल्त्रान कंटाळून नदीत खडे टाकत होता.

"दॉन, तुम्हाला वाईट वाटत असेल ना आम्ही चाललो म्हणून?"

"वाईट? माझे पाट कोण उपसणार? हे आमचे शेतकरी फावडं धरतात ते मेणबत्ती धरल्यासारखं! तुम्ही राहिलात तर मी स्वतः देवळात मेणबत्त्या लावीन. आणि हो, मला माहीत आहे तू काय विचारते आहेस. घंटा होऊन गेली तर माझाच फायदा. पण माणूस मारून?"

"छे छे. मी आपलं सहज विचारते. आम्ही कुठल्या दिशेला तोंड करतो, माहीत आहे तुम्हाला?"

"त्यात काय! उगवतीला. आमची वेदीही उगवतीलाच असते. फक्त आमचं बरोबर आहे." तो स्वतःच्या विनोदावर हसला, आणि त्याने हात सरळ नदीपलीकडच्या टेकडीकडे केला. "माणूस मेल्यावरही तसंच ठेवता ना तुम्ही? तसाच ठेवलाय ना?"

"तसाच म्हणायचा," शेन्सी म्हणाली.

वेशीच्या बुरुजातल्या खोलीत यूसे फकी भिंतीला टेकून बसला होता, आणि नूझा सांगितल्याप्रमाणे त्याच्याशी भांडत होती. मोहल्ल्याला नमाज पढवणारा हा माणूस मुळातच कडू. गेली कित्येक वर्षं दर शुक्रवारी तो बेर्नालचं आणि त्याच्या कोतवाल भावाचं नाव घेऊन त्यांना नरकात धाडत असे. तुदेलाच्या मोहल्ल्यातून आजवर ख्रिस्ती झालेले असे दोघेच. बापाच्या मागोमाग आई प्लेगात गेली, आणि पाद्र्याने त्या पोरक्या पोरांना उचलून पाणी शिंपडलं, त्याला आता तीस वर्षं होऊन गेली.

"फकीसाहेब, तुम्ही मारलंत का?"

"सकाळपासून हा एकच प्रश्न! हो म्हटलं की वेस उघडते, नाही म्हटलं की मिटते. मग मी काय म्हणू?"

"मला खरं सांगा. कोतवालाला खोटं सांगायचं नंतर बघू."

फकीने नूझाकडे पाठ केली.

"ती पोरं गेली तेव्हा मी समुद्रापलीकडे फेझला शिकत होतो," तो म्हणाला. "परत आलो तोवर त्यांना मिशा फुटल्या होत्या. मी इथे असतो तर पाद्र्याच्या दारात आडवा पडलो असतो. नाही मारलं मी. मी फक्त शिव्या दिल्या. शिव्या देऊन माणूस परत येईल असं वाटलं होतं."

"चांगला उपाय शोधलात!" नूझा म्हणाली.

"तू गप्प."

"त्याला वजू घातलाय," शेन्सी म्हणाली. "उजव्या कुशीवर निजवलाय. दुपारचं ऊन बरोबर त्याच्या तोंडावर पडत होतं."

"बरोबर तोंडावर?"

"नाकासमोर."

फकी ताडकन उठला. गळ्याशी फास आलेला माणूस, पण चेहरा असा लाल झाला की जणू कुणी मशिदीत डुक्कर सोडलं.

"कोण गाढव! कुणी केलं हे? मी फेझहून आलो ते काय सांगत आलो? नमाजाला जिच्याकडे तोंड करतो ती मशिदीची भिंत चुकलेली आहे! बांधणाऱ्यानं दुपारच्या सूर्याकडे बांधली. मक्का तिकडे नाही, डावीकडे आहे, थंडीत सूर्य उगवतो तिकडे! माझ्याशी भांडले, मला दगड मारले, शेवटी सगळे वळले. भिंत सोडून तिरके उभे राहायला लागले. वीस वर्षं! आणि आज कुणीतरी एका माणसाला दुपारकडे तोंड करून—"

"बसा फकीसाहेब," शेन्सी म्हणाली. "आता तुम्ही कबूल केलंत तरी कुणी विश्वास ठेवू नये असं बोललात."

खाली उतरताना मूसा मधल्या पायरीवर थांबला.

"वहिनी, मला काही कळलं नाही."

"तुम्ही मघाशी सगळं करून दाखवलंत, भावजी."

"मी? मी फक्त नमाज पढलो."

वेशीपाशी आता रडारड सुरू झाली होती. कुणाचं बाळ, कुणाची म्हातारी. सावल्या लांबायला लागल्या होत्या. एका गाडीवरून कुणीतरी ओरडलं, "फकीला विचारा ना, किती वेळ घेणार!" आणि लगेच कुणीतरी त्या माणसाच्या तोंडावर हात दाबला. पण त्याने चुकीचं विचारलं असं कुणी म्हणालं नाही.

कोतवाल ओर्तीन दाराच्या अडसराला पाठ लावून उभा होता. उंच, खांदे पडलेला. डोळे सुजलेले.

"तुझं झालं का, म्हातारे?"

"एकच विचारायचंय, कोतवालसाहेब. बेर्नालला तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?"

"रविवारी. देवळात. आज तो गिरणी सोडून माझ्याकडे राहायला येणार होता. एकटा राहायला भ्यायचा. फकी त्याला दर आठवड्याला शाप द्यायचा, सगळ्या गावानं ऐकलंय."

"तुमचं घर पुलापलीकडे ना? नदीकाठाला?"

"हो. मग?"

"मग काही नाही. चला माझ्याबरोबर गिरणीवर. बेड्या आणा. मारेकरी तिथेच देते तुमच्या हातात. पण दुसरं कुणी नको."

ओर्तीनने तिच्याकडे बघितलं. मग मागे रांगेने उभ्या गाड्यांकडे. आणि निघाला.

गिरणीत गेल्यावर शेन्सीने दार लावून घेतलं. मूसा दाराला टेकून उभा राहिला, म्हणजे आता दार उघडायला चार बैल लागले असते.

"कुठाय?" ओर्तीनने विचारलं.

"सांगते. आधी मारणाऱ्याबद्दल सांगू द्या. त्यानं तुमच्या भावाला हत्यारानं मारलं नाही. रक्त जात्याच्या कडेला आहे, जिन्याच्या पायथ्याशी. झटापट झाली, धक्का बसला, हा मागे पडला. मग मारणारा पळाला नाही. पाणी आणलं. तोंड धुतलं, हात धुतले, पाय धुतले. डोळे मिटले, हनुवटी बांधली. शत्रूचं असं कुणी करत नाही. ज्यानं हे केलं तो रडत करत होता."

"किंवा तुम्हा लोकांवर आळ यावा म्हणून करत होता."

"तेही बघितलं. दॉन बेल्त्रानला आम्ही थांबायला हवे आहोत. पण त्याला वाटतं आम्ही देवळासारखं उगवतीला तोंड करतो. त्यानं ठेवला असता तर बेर्नाल नदीपलीकडच्या टेकडीकडे बघत असता. आणि वजूत काय धुवायचं नि काय नाही हे त्याला ठाऊक नाही. हे काम आमच्यातल्याच कुणाचं."

"मग फकीच!"

"फकी?" शेन्सीला त्याही वेळी हसू आलं. "मी आले तेव्हा दुपारचं ऊन ह्याच्या नाकासमोर होतं. म्हणजे तोंड जुन्या भिंतीकडे, मशिदीच्या चुकलेल्या भिंतीकडे. जो माणूस वीस वर्षं आम्हाला डावीकडे वळा, डावीकडे वळा म्हणून पिडतोय, तो झोपेतही असं करणार नाही."

"मग दुसरा कुणी. एखादा म्हातारा. जुनी सवय—"

"मलाही तसंच वाटलं. म्हणून भावजींना इथे नमाज पढायला लावली. ह्यांच्याइतका जुन्या सवयींचा माणूस मोहल्ल्यात दुसरा नाही, अजून डाव्या पायातला जोडा उजव्यात घालतात. तेसुद्धा विचार न करता वळले. शाल तिरकी पडली, तुमच्या भावाच्या पायांवर गेली. आमच्यातला प्रत्येक जण आता तसाच वळतो. लहान मूलही."

ओर्तीन भावाच्या पायांकडे बघत होता.

"म्हणजे ह्याला निजवणारा आमच्यात वाढला, पण फकी परत येण्याआधीच आमच्यातून गेला. तुम्ही मशीद सोडलीत तेव्हा सगळे भिंतीकडेच तोंड करायचे. नंतर आत काय बदललं ते तुम्हाला कसं कळणार? तुम्ही दाराशी कधी फिरकलाही नाहीत. असे दोघेच आहेत तुदेलात. एक हा पडलाय. आणि दुसरा माझ्यासमोर उभा आहे, इसा."

तीस वर्षांत ओर्तीनचं ते जुनं नाव कुणी उच्चारलं नव्हतं. ओर्तीनचा हात कमरेच्या सुऱ्याकडे गेला. मूसा दारापासून सुटा झाला.

"हे तू बाहेर बोललीस," ओर्तीन म्हणाला, "तर मला जाळतील. मुराच्या पद्धतीनं मढं धुणारा कोतवाल! मला, माझ्या बायकोला. पोरांना सोडतील असं वाटतं तुला?"

"नाही वाटत. म्हणून तर दार लावलं."

"तुझ्याकडे दाखवायला काय आहे? एक ऊन!"

"आणि कोठाराच्या मागे एक गाठोडं. तुम्ही म्हणालात तो तुमच्याकडे राहायला येणार होता. नदीकाठच्या घरी जाणारा माणूस पाण्यानं भरलेली पिशवी का बांधून ठेवेल, इसा? जोड्यांना नवे तळ कशाला ठोकेल? पूल ओलांडायला? तो आमच्याबरोबर निघाला होता. आणि ते तुला कळलं."

ओर्तीन जात्यावर बसला. बसला म्हणण्यापेक्षा गळून पडला. मग एकदम लहान मुलासारखा आवाज आला त्याचा.

"शेन्सीताई."

लहानपणी तिने त्याला कडेवर घेऊन बाजार दाखवला होता.

"काल इथे बोलावून घेतलं त्यानं मला. म्हणे, मी जातो, बेर्नाल नको, फराच म्हणून मरतो. मी म्हटलं, अरे, तू गेलास की उद्या माझ्या दारात माणसं येतील. एक भाऊ परत मूर झाला, तर दुसरा आत कोण आहे ते बघू या म्हणतील. हात जोडले मी त्याला, ताई. तो म्हणाला, तूही चल. एवढं सोपं! मी धरलं, त्यानं झटकलं, मी ढकललं..." त्याने जात्याच्या कडेकडे बघितलं आणि नजर उचलली. "आईला ठेवलं होतं ना, तसंच मला आठवत होतं. तेवढंच येत होतं मला. म्हटलं रात्रभर तरी त्याला तसं असू दे. सकाळी येऊन बदलून टाकीन, जिन्यावरून पडला म्हणून सांगीन. पण तो बेल्त्रान माझ्याआधी आला. ओरडला. मग मागे कसा फिरू? फकीला पकडलं. वाटलं, तो आधीच आमचा शत्रू."

"शत्रू!" मूसा म्हणाला. "तो तर तुमच्यासाठी—" शेन्सीने त्याच्याकडे बघितलं.

"बदला नाही मागत मी," ती म्हणाली. "माझ्याकडे तेवढा दिवस उरलेला नाही. फकी सुटायला हवा आणि वेस उघडायला हवी. बेर्नाल जिन्यावरून पडला. तू कोतवाल, तू भाऊ. तुझं समाधान झालं तर कुणाला काय बोलायचंय?"

"पाद्री विचारेल त्याला धुतलं कुणी."

"मी. पहाटे निरोप घ्यायला आले, मेलेला दिसला, अडाणी बाई, सवयीनं धुतला, निजवला, आणि भिऊन गप्प बसले. शिक्षा काय करतील? हद्दपार? ती तर झालीच आहे."

ओर्तीनने तोंडावर हात दाबून धरला. तो हसत होता की रडत होता, ते मूसाला कळलं नाही.

"आणखी एक," शेन्सी म्हणाली. "हा आमच्याबरोबर येणार होता. येईल."

मूसाने गिरणीशी गाडी लावली. बेर्नालला पिठाच्या मोठ्या पोत्यात घातलं आणि बाजूने खरीखुरी पोती रचली. शवपेटीत जात्याचे फुटके तुकडे भरून ओर्तीनने स्वतः खिळे ठोकले. त्या तुकड्यांसाठी तुदेलाच्या मोठ्या देवळात इतकी घंटा वाजली, इतका धूप जळला, की एवढं पवित्र जातं सगळ्या नावारा राज्यात दुसरं नसेल. अजून तिथेच पुरलेलं आहे म्हणतात, आणि त्यावर एक क्रूस.

वेशीपाशी ओर्तीनने सगळ्यांसमोर तसंच सांगितलं. पाद्र्याने शेन्सीच्या पाठीवर फटके मारवले. दॉन बेल्त्रान पोट धरून हसला, "ही म्हणे सगळं शोधून काढणारी!" बुरुजातून सुटून आलेला फकी गर्दी ढकलत तिच्यासमोर येऊन उभा राहिला. नूझाला वाटलं आता हा तिच्या पाया पडतो.

"दुपारकडे?" फकी ओरडला. "तू? इतकी वर्षं ऐकून दुपारकडे? लाज नाही वाटत?"

मोहल्ल्यातली शहाणी बाई मान खाली घालून उभी राहिली. "चुकले फकीसाहेब," ती म्हणाली.

दार उघडलं. गाड्या एकेक करून निघाल्या. सोनंचांदी लपवून नेऊ नये म्हणून शिपाई प्रत्येक गाडीतल्या बोचक्यांत भाले खुपसून बघत होते. मूसाची गाडी आली तेव्हा ओर्तीनने शिपायाला बाजूला केलं आणि नुसता हात हलवला.

"हिची का सोडतोस?" घोड्यावरून दॉन बेल्त्रान म्हणाला. "ही तर सगळ्यांत लबाड. त्या मोठ्या पोत्यात बघ."

ओर्तीनने शिपायाच्या हातून भाला घेतला. सगळी वेस बघत होती. त्याने पोत्याच्या तळाशी, जिथे पाय होते, तिथे भाला घातला. आत घातला, बाहेर काढला. पात्यावर फक्त पीठ होतं.

"पीठच आहे," तो म्हणाला, आणि पातं बराच वेळ बाहीला पुसत राहिला.

शेवटची गाडी दाराबाहेर पडली तेव्हा घंटा सुरू झाली. मागे वळून बघितलं ते फक्त मूसाने. दार लावणारा माणूस आत एकटाच होता आणि अडसर उचलायला त्याला जड जात होता.

सकाळी, आरागॉनच्या हद्दीत, एका उजाड टेकाडापाशी मूसाने गाडी थांबवली आणि कुदळ काढली. लोक जमले. पोतं सोडलं तेव्हा बायकांनी तोंडाला पदर लावले.

"हे काय?" फकीने विचारलं. "कोण आहे हा?"

"तुम्ही दर शुक्रवारी ज्याला नरकात धाडत होतात तो," शेन्सी म्हणाली. तिला पाठ सरळ करता येत नव्हती. "फराच. परत आलाय. निघायच्या आधीच मेला, पण आला."

फकी पिठाने माखलेल्या त्या चेहऱ्याकडे बघत राहिला. गाडीवर एक पोर रडत होतं, त्याला कुणी गप्प केलं नाही. एवढी माणसं, एवढी खेचरं, आणि पुढे कुठलं गाव आपल्याला घेईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग फकीने अंगरखा काढून नूझाच्या हातात दिला, बाह्या वर सारल्या आणि मूसाला कोपराने बाजूला केलं.

"दे इकडे ती कुदळ. तू खणशील तर त्यात खेचर पुरावं लागेल."

आणि तो खणायला लागला. त्याने ती कुदळ शेवटपर्यंत कुणाला घेऊ दिली नाही.